तारेच्या आतली हद्द

नोकरीला लागलो तेव्हा मला देशाच्या कारभाराच्या तिन्ही याद्या तोंडपाठ होत्या. कोणत्या विषयात दिल्लीचं चालतं, कोणत्यात राज्याचं आणि कोणत्यात दोघांचं, ही वाटणी राज्यघटनेने करून ठेवली आहे आणि मी ती परीक्षेसाठी घोकली होती. मीठ म्हटलं की केंद्र, दारू म्हटलं की राज्य, वीज म्हटली की दोघं. चहाच्या वेळी कचेरीतले लोक माझी गंमत करायचे. कुणीतरी बशी उचलून विचारायचं, "ही कुणाच्या यादीत?" मलाही ते आवडायचं. आज त्या पाठांतराची शिसारी येते, पण तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि आपल्याला सगळं कळतं असं मला वाटत होतं.

मी कारखाने तपासणारा निरीक्षक होतो, राज्य सरकारचा. नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. कचेरी वाशीला, दोन खोल्यांची, आणि माझ्या वाट्याला पावणे गावाच्या बाजूचे कारखाने आले होते. यंत्रांना जाळ्या आहेत का, बाहेर पडायचे रस्ते मोकळे आहेत का, कामावर किती माणसं आहेत आणि हजेरीपटावर किती, हे बघायचं आणि शेरा लिहायचा, हे माझं काम.

त्याच सुमारास दिल्लीची एक जुनी खोड सर्वोच्च न्यायालयाने मोडली. लोकांनी निवडून दिलेलं राज्य सरकार मनात येईल तेव्हा घरी पाठवायचं, त्याला लगाम घातला. मला इतका आनंद झाला की मी कचेरीत पेढे वाटले. आमच्या साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "मुलगा झाला काय रे?" मी म्हटलं, "राज्यांचा विजय झाला, साहेब." ते शांतपणे म्हणाले, "बरं झालं. आता जीप कधी दुरुस्त होते तेवढं विचार त्यांना."

जीप दीड वर्षं मागच्या आवारात उभी होती. चाकांतून गवत वर आलं होतं. त्यामुळे आमच्याकडे एक पद्धत पडली होती, आणि ती इतकी अंगवळणी पडली होती की तिच्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नसे. ज्या कारखान्याची तपासणी करायची, त्यालाच आदल्या दिवशी फोन करायचा, "उद्या येतोय, गाडी पाठवा." गाडी यायची. म्हणजे चोरानेच पोलिसाला घ्यायला यावं असा प्रकार. पण वाशीहून तिकडे जायला धड बस नव्हती, रिक्षाचं भाडं सरकार मंजूर करत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गाडीत बसून जायला बरं वाटायचं.

तो कारखाना रंग पातळ करायचं थिनर बनवणारा होता. नाव सांगत नाही, आता तो तिथे नाहीही. पुढे ऑफिस, मग भट्टी आणि भरण्याची शेड, आणि मागच्या कोपऱ्यात काटेरी तारेचं कुंपण घातलेली जागा. तारेच्या आत जमिनीखाली ज्वालाग्राही द्रवाची मोठी टाकी होती. असल्या टाकीचा परवाना केंद्र सरकारचं खातं देतं. कुंपणाच्या फाटकावर परवान्याचा लाल बोर्ड होता आणि त्याखाली आत जायला मनाई असल्याचं लिहिलं होतं.

आमच्या कचेरीत एक अलिखित शिस्त होती. केंद्राने परवाना दिलेल्या जागेत आपण पाय ठेवायचा नाही. मी तर ती शिस्त अभिमानाने पाळायचो. आपण त्यांच्या हद्दीत नाक खुपसलं तर ते आपल्या हद्दीत खुपसणार, असं माझं म्हणणं. पहिल्या तपासणीला त्या फाटकापाशी मी थांबलो तेव्हा मॅनेजर हसून म्हणाला, "ते दिल्लीवाल्यांचं आहे साहेब, तुम्ही कशाला टेन्शन घेता?" मी मागे वळलो. शेऱ्यात लिहिलं, 'साठवणुकीचे आवार केंद्रीय परवान्याखाली, सबब तपासले नाही.' सबब हा शब्द लिहिताना मला बरं वाटल्याचं आठवतं.

फाटकाची किल्ली कारखान्याच्या वॉचमनकडे असायची. हा वॉचमन जवळच्या गावातलाच, पन्नाशी ओलांडलेला. कारखाना उभा होता ती जमीन एके काळी त्याच्या भावकीची होती. भातशेती गेली, नोकरी मिळाली, ती ही. मी त्याला काका म्हणायचो. दुसऱ्या तपासणीला मॅनेजर फोन घ्यायला आत गेला, तेव्हा काका माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तारंच्या आत या ना जरा. आत मानसं हायेत."

"कोण माणसं?"

"बायका. पिंपा धुतात. माजी बायको पन हाय त्यांच्यात. तुमी येनार असले का त्यांना आत घालतात न् मला कुलूप लावाला सांगतात. तुमी गेले का कारतात भायेर."

मी फाटकाकडे बघितलं. टाकीच्या पलीकडे पत्र्याचा आडोसा होता, त्याच्यामागे काही दिसत नव्हतं. काका सांगत राहिला. परत आलेली थिनरची पिंपं आतून धुवायचं काम त्या करायच्या. त्यांची नावं कुठल्याच कागदावर नव्हती. एरवी त्या मागच्या शेडमध्ये उघड्यावर काम करायच्या, वारा तरी लागायचा. पण आमच्या खात्याचा माणूस यायचा दिवस असला की पिंपांसकट सगळ्यांना तारेच्या आत कोंबायचे, कारण तिथे आम्ही जात नाही हे मालकाला पक्कं ठाऊक होतं. दिल्लीचा माणूस दोन-तीन वर्षांतून एकदा येई, त्या दिवशी त्यांना घरीच ठेवायचे. दोन सरकारांच्या मधल्या तारेचा मालकाने असा उपयोग करून घेतला होता. आम्हाला तो सुचलाही नसता.

"वास लय येतो आत," काका म्हणाला. "मागल्या टायमाला तिला चक्कर आली. यखादे दिशी काय झाला तर?"

मी त्याला समजावून सांगितलं. आज लिहितानाही कान गरम होतात, पण मी खरोखरच त्याला समजावून सांगितलं की टाकी केंद्राच्या अखत्यारीत येते, राज्याचा अधिकारी तिथे जाऊ शकत नाही, प्रत्येक सरकारच्या अधिकाराला मर्यादा असते आणि ती पाळली तरच देश नीट चालतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "टाकी दिल्लीची, ते समजला. मंग मानसं कोनाची?"

मी हसलो. प्रश्न मजेशीर वाटला म्हणून हसलो. तेवढ्यात मॅनेजर परत आला.

पण मी अगदीच निगरगट्ट नव्हतो. त्याचं म्हणणं माझ्या डोक्यात राहिलं. कचेरीत येऊन मी साहेबांना सांगितलं की तिथे काहीतरी पाणी मुरतंय, केंद्राच्या खात्याला कळवायला हवं. त्या खात्याचं इकडचं कार्यालय आमच्यापासून बसने वीस मिनिटांवर होतं. मी म्हटलं, उद्या सकाळी जाऊन सांगून येतो.

साहेबांनी चष्मा काढला. "तू कोण जाणार? राज्याचा निरीक्षक केंद्राच्या दारात उभा राहणार? पत्र लिही. योग्य मार्गे."

योग्य मार्गे म्हणजे काय ते सांगतो. आमच्या कचेरीतून पत्र ठाण्याला वरिष्ठांकडे. तिथून मुंबईला खात्याच्या मुख्यालयात. तिथून मंत्रालयात. मंत्रालयातून दिल्लीच्या मंत्रालयात. तिथून त्यांच्या त्या खात्याच्या मुख्यालयात, आणि तिथून उतरत उतरत पुन्हा आमच्यापासून वीस मिनिटांवरच्या त्या कार्यालयात. मला हा रस्ता तेव्हा हास्यास्पद वाटला नाही. उलट त्यात एक रुबाब वाटला. दोन सरकारं एकमेकांशी बोलताहेत, आणि तो संवाद माझ्या पत्राने सुरू होतोय. मी तीन दिवस खपून दीड पानी पत्र लिहिलं. त्यात घटनेचा उल्लेख दोनदा होता. बायकांचा उल्लेख एकदा होता, 'काही असंघटित महिला कामगार' असा.

पत्र ठाण्याहूनच परत आलं, दोन महिन्यांनी. तीन प्रतींत पाठवावे, असा शेरा होता. मी तीन प्रती करून पाठवलं. मग काही आलं नाही. मधे दिवाळी गेली. माझं लग्न ठरलं, झालं, आम्ही ऐरोलीला भाड्याच्या घरात राहायला गेलो. त्या तारेची मला आठवण यायची नाही असं नाही, यायची. आली की मी मनाशी म्हणायचो, पत्र गेलंय. ते एक वाक्य मला पुरायचं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्या कारखान्याच्या तपासणीची पाळी आली. या वेळी मी वेगळं काही करायचं ठरवलं होतं का? खूप वेळा स्वतःला विचारलंय. वाटतं, ठरवलं होतं. या खेपेला तारेच्या आत जाऊनच बघू, साहेब काय म्हणतील ते म्हणोत, असं आदल्या दिवशी जेवताना बायकोला बोललो होतो. तिला आठवत नाही म्हणते. पण त्याच दिवशी दुपारी, रोजच्या सवयीने, मी फोन उचलून मॅनेजरला सांगितलं होतं, "उद्या येतोय, गाडी पाठवा." ज्यांना बघायला जायचं त्यांना लपवण्याची सूचना मीच दिली, आणि ती देताना माझ्या मनाला काही शिवलंही नाही.

सकाळी साडेदहाला गाडी आली. पावण्याच्या वळणावर ड्रायव्हरने वेग कमी केला. समोर धूर होता. कारखान्यांच्या भागात धूर दिसणं नवीन नाही, पण हा काळा होता आणि खालूनच जाड होता. ड्रायव्हर म्हणाला, "आपलीच कंपनी वाटते, साब." गाडी मेन गेटातून आत गेली आणि समोर गेट उघडं टाकून काका मागच्या कोपऱ्याकडे पळत होता. माझी गाडी येतेय म्हणून त्याला मेन गेटवर सलाम करायला बोलावलं होतं. तारेच्या फाटकाची किल्ली त्याच्या खिशात होती.

नंतर कळलं ते असं. पिंपं ओढताना लोखंडावर लोखंड घासलं असावं, आणि आडोशात वाफ कोंडलेली. आत चौघी होत्या. दोघी बाजूच्या तारेतून अंग फाडून बाहेर आल्या आणि वाचल्या. दोघी फाटकाकडे धावल्या, कारण आत-बाहेर करायचा रस्ता तोच. काकाने कुलूप काढलं तेव्हा फाटक तापलं होतं, त्याचे हात भाजले. त्याची बायको फाटकाच्या अगदी आतल्या बाजूला होती.

मी हे सगळं गाडीच्या उघड्या दाराला धरून बघत होतो. हातात फाइल होती. किती वेळ उभा होतो माहीत नाही. अग्निशमनवाल्याने दंडाला धरून मला बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या त्या खात्याचा अधिकारी आला. स्कूटरवरून आला, माझ्याहून थोडा मोठा, साधा माणूस. त्याला मी माझ्या पत्राबद्दल विचारलं. त्याच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. तो म्हणाला, "अहो, फोन करायचात. वीस मिनिटांत आलो असतो." मी म्हटलं की जागा तुमच्या हद्दीतली, म्हणून आम्ही आत जात नव्हतो. तो माझ्याकडे बघतच राहिला. "टाकीपुरतं आमचं," तो म्हणाला. "टाकी, पाइप, झाकण. माणसांचं आम्ही बघतच नाही. कारखान्याच्या आवारात काम करणारा माणूस कुठेही उभा असो, तो तुमच्या कायद्यात येतो. तारेच्या आत काय न् बाहेर काय."

मी कचेरीत येऊन आमच्या कायद्याचं पुस्तक उघडलं. कारखान्याची व्याख्या, आवारासकट, पहिल्या काही पानांतच होती. मला ती पाठ होती. घटनेच्या याद्यांइतकीच पाठ होती. कुंपणाचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता. आम्हाला कुणी अडवलं नव्हतं, ना दिल्लीने, ना कायद्याने. ती हद्द आम्हीच आखली, आम्हीच पाळली, आणि तिला मी तत्त्व म्हणत होतो.

चौकशी माझ्याकडेच आली, कारण विभाग माझा. साहेबांनी खोलीचं दार लावून घेतलं. तेही हादरले होते, पण नोकरीत सव्वीस वर्षं काढलेला माणूस हादरला तरी आधी कागद सावरतो. म्हणाले, "जबाब नीट घे. तुझ्या फोनचं कुठे येऊ देऊ नकोस. आपण गाड्या मागवतो हे वर गेलं तर तू एकटा जाणार नाहीस, सगळी कचेरी जाईल. घरी नवी सून आहे तुझ्या आईची, विचार कर."

मी विचार केला. फार करावा लागला नाही.

काका आठवड्याने जबाबाला आला, दोन्ही हातांना पट्ट्या बांधून. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याने एकेक गोष्ट सरळ सांगितली, आवाज न चढवता. शेवटी म्हणाला, "साहेब, येक काम करा माजा. कुलूप मी माज्या मनानं लावला नाय, ह्ये बरोबर लिवा. साहेब येनार हायेत, आत घालून कुलूप लाव, असा मॅनेजरनी सांगितला म्हून लावला. माजा पोर माज्याशी बोलत नाय. तो बोलतो, तुमी आईला कोंडली. त्याला वाटतं मी रोजच कुलूप लावून बसायचो."

"लिहितो," मी म्हणालो.

खाली कार्बन घालून मी लिहीत होतो. पेन त्या वाक्यापाशी आलं तेव्हा मी थोडा थांबलो. साहेब येनार हायेत. त्या शब्दांतला साहेब मी होतो, आणि ते लिहिलं की पुढचा प्रश्न सरळ होता, कारखान्याला आधी कळलं कसं? मी लिहिलं, 'साठवणुकीच्या आवाराचे फाटक मी नेहमीप्रमाणे कुलूपबंद केले होते.'

जबाब वाचून दाखवावा लागतो, नियमच आहे. मी कागद हातात धरून वाचत गेलो. त्या वाक्यापाशी आलो आणि जे लिहिलं होतं ते न वाचता, त्याने जे सांगितलं होतं तेच शब्दन्‌शब्द म्हटलं. साहेब येणार म्हणून, मॅनेजरच्या सांगण्यावरून. तो डोळे मिटून ऐकत होता. ते वाक्य आलं तेव्हा त्याने मान हलवली.

त्याला वाचता येत नव्हतं. सही येत होती, जमीन गेली त्या वेळी शिकला होता. पट्टीतून बाहेर आलेल्या दोन बोटांत पेन धरून त्याने ती केली, बराच वेळ घेऊन. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "याचा येक कागद मला भेटंल का? पोराला दाखवतो. म्हंजे त्याला पटंल."

नक्कल देता येते, तेही नियमात आहे. नाही म्हणायला मला शंभर कारणं होती आणि नोकरीला लागल्यापासून मी ती लोकांना देत आलो होतो. त्या क्षणी एकही सुचलं नाही. की नाही म्हटलं तर त्याला संशय येईल, ही भीती वाटली? बहुधा तीच. मी कार्बनची प्रत काढली, शिक्का मारला आणि त्याच्या हातात दिली.

त्याने ती चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवली. "उपकार झाले, साहेब," असं म्हणाला आणि जिना उतरून गेला. मुलगा वाशीच्या मार्केटमध्ये गुमास्ता होता, बारावीपर्यंत शिकलेला.